राउटरची गाळणी आणि कोकणचा वारा

या व्याख्यानमालेसाठी विषय कोणता घेणार, असे चालकांनी विचारले तेव्हा आम्ही ‘राउटर यंत्राची हवेची गाळणी’ असे उत्तर दिले. ते ऐकून त्यांच्यातील एक वडीलधारे गृहस्थ हसले. म्हणाले, ‘‘तुम्ही युनियनची माणसे. पगार, बोनस, कंत्राटी पद्धत यांवर बोला. गाळणीचे काय घेऊन बसलात?’’ त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. आम्ही इंजिनियर नव्हे. शाळा नववीत सुटली, आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात, गेटसभेत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. परंतु गेली पुष्कळ वर्षे आम्ही ज्या कामगारांत वावरतो ते तारा ओढणारे, टॉवरवर चढणारे, फायबर जोडणारे आणि यंत्रांच्या खोल्या राखणारे आहेत. ज्या यंत्रावरून माणसाला मेमो मिळतो ते यंत्र आतून कसे आहे हे ठाऊक नसेल, तर त्या माणसाची बाजू मांडता येत नाही. साहेब चार इंग्रजी शब्द बोलतो आणि आपण गप्प बसतो. तसे बसावे लागू नये म्हणून आम्ही ही यंत्रे शिकलो, आणि शिकता शिकता या गाळणीपाशी येऊन थांबलो.

प्रथम राउटर म्हणजे काय ते पाहू. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी भिंतीवर किंवा टीव्हीशेजारी दोन-चार काड्या उभारलेली एक लहान पेटी असते. तिलाही राउटरच म्हणतात. पण ती या घराण्यातली धाकटी पाती. आम्ही ज्याच्याविषयी बोलत आहो तो राउटर दूरसंचार केंद्राच्या खोलीत, लोखंडी रॅकमध्ये उभा असतो. लहान असला तर ट्रंकेएवढा, मोठा असला तर माणसाच्या छातीपर्यंत येणाऱ्या कपाटाएवढा.

त्याचे काम टपाल कचेरीतल्या सॉर्टरचे. समजा, रत्नागिरीहून आपण चिपळूणच्या बहिणीला भाच्याचा फोटो पाठवला. फोटो तीन मेगाबाइटचा असला तर तो सबंध जात नाही. त्याचे जास्तीत जास्त दीड हजार बाइटांचे एक, असे सुमारे दोन हजार तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्यावर कोठे जायचे तो पत्ता असतो. राउटर फक्त पत्ता वाचतो. आतले पत्र वाचणे हे त्याचे काम नव्हे. पत्ता पाहायचा, आपल्याजवळच्या यादीत तो मार्ग शोधायचा आणि योग्य खणात तुकडा टाकायचा. सगळ्या जगाच्या मार्गांची यादी बाळगणाऱ्या मोठ्या राउटरजवळ आज दहा लाखांच्या घरात नोंदी असतात. रत्नागिरीचा फोटो चिपळूणला जाताना बहुधा मुंबईस किंवा त्याहूनही दूर जाऊन परत कोकणात उतरतो. वाटेत असे पाच-दहा सॉर्टर त्याला हात लावतात, आणि हे सारे डोळ्याचे पाते लवायच्या आत होते.

या यंत्राचा मूळ पुरुष १९६९ साली अमेरिकेत उभा राहिला. कॅलिफोर्नियातील विद्यापीठात बसवलेले ते यंत्र वजनाला चारशे किलोच्या वर होते. त्या वर्षी २९ ऑक्टोबरला त्याच्यामार्फत ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. पहिली दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. सेवा खंडित होण्याची परंपरा इतकी जुनी आहे, हे ग्राहकांनी आमच्या लाइनमनवर रागावण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. आपल्या देशात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून.

आता झाकण उघडू. बाहेरचा लोखंडी सांगाडा, त्याला चेसिस म्हणतात. त्यात पुस्तकाच्या फडताळासारखे खण असतात आणि प्रत्येक खणात एक कार्ड सरकवलेले असते. एक-दोन कार्डे मुख्य कारभाऱ्याची: मार्गांची यादी ठेवणे, शेजारच्या राउटरांशी बोलून ती ताजी करणे, हे त्यांचे काम. कारभारी बहुधा दोन असतात. एक पडला तर दुसरा उभा राहावा म्हणून. बाकीची कार्डे हमालीची. त्यांच्या तोंडाशी बोटभर लांबीचे धातूचे तुकडे खोचलेले असतात. ते विजेच्या इशाऱ्याचा प्रकाश करतात आणि प्रकाश फायबरमध्ये सोडतात. हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही आणि तरीही डोळ्याला इजा करू शकतो. म्हणून फायबरच्या टोकात कधी डोकावून पाहू नये, हे आम्ही नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. या कार्डांतून त्या कार्डांत माल नेणारा एक आतला चौक असतो. मग पॉवर सप्लाय, तोही दुहेरी. केंद्रातली वीज घरातल्यासारखी दोनशे तीस व्होल्टची नसते. बॅटऱ्यांच्या रांगेतून येणारी अठ्ठेचाळीस व्होल्टची असते. दिवे गेले तरी फोन लागतो तो या बॅटऱ्यांच्या जिवावर.

राहिले दोन भाग. एक फॅन ट्रे, म्हणजे एका खोक्यात बसवलेले पंखे. आणि दुसरी गाळणी. सबंध यंत्रात जिच्यात वीज नाही, जिला दिवा नाही, जिची तार कोठे जोडलेली नाही अशी मुख्य वस्तू हीच. पातळ चौकट, तिच्यात स्पंजासारखा काळा किंवा करडा फोम आणि त्याला आधार म्हणून तारेची जाळी. हवा जिथून आत शिरते त्या तोंडाशी ती खणात सरकवलेली असते. कार्डाच्या किमतीशी ताडून पाहिले तर तिची किंमत शंभरांशही भरत नाही. खरेदीच्या यादीत ती शेवटी येते आणि काटकसर निघाली की पहिली कटते.

तिचे महत्त्व कळायला थोडा हिशेब करावा लागेल. राउटर ओझे उचलत नाही, चाक फिरवत नाही. त्यात जाणारी वीज जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. मध्यम मोठ्या राउटरला तीन किलोवॉट वीज लागते असे धरा. घरातला पाणी तापवण्याचा गीझर साधारण दोन किलोवॉटचा असतो. म्हणजे दीड गीझर एका कपाटात रात्रंदिवस, बारा महिने चालू आहे, आणि त्यात पाणी मात्र नाही. उष्णता न्यायची ती हवेने. आत शिरलेली हवा बाहेर पडताना पंधरा अंशांहून अधिक तापू द्यायची नसेल तर दर सेकंदाला सुमारे एकशे पासष्ट लिटर हवा यंत्रातून गेली पाहिजे. दिवसाचे चौदा हजार घनमीटर होतात. दहा फूट लांब, दहा रुंद आणि दहा उंच अशा खोलीत अठ्ठावीस घनमीटर हवा मावते. म्हणजे हे यंत्र रोज तसल्या पाचशे खोल्यांची हवा आत ओढून बाहेर टाकते.

आता या हवेत धूळ किती? सरकारने २००९ साली ठरवलेल्या मानकाप्रमाणे बारीक धुळीची वार्षिक मर्यादा घनमीटरला साठ मायक्रोग्रॅम आहे. हवा अगदी या मर्यादेवर असली आणि सगळी बाहेरूनच येत असली, तर वर्षाला तीनशे ग्रॅमच्या आसपास धूळ यंत्राच्या पोटात शिरू पाहील. बंद खोलीत तीच ती हवा फिरते, म्हणून प्रत्यक्षात धूळ कमी भरते, हे खरे. परंतु ज्या खोलीचे दार रोज दहा वेळा उघडते आणि एसी नादुरुस्त म्हणून खिडकीही उघडी असते, तिला बंद खोली कोणी म्हणावे?

गाळणी ही धूळ अडवते. पण ती पिठाच्या चाळणीसारखी नुसत्या भोकांच्या मापाने अडवत नाही. फोमची भोके धुळीच्या कणांहून कितीतरी मोठी असतात. हवा त्या वाकड्यातिकड्या वाटांनी वळणे घेत जाते. हवेला वळता येते, जड कणाला वळता येत नाही, तो भिंतीवर आपटतो आणि चिकटून राहतो. अंगण झाडताना बाई तोंडाला पदर लावते, त्या पदरात हेच घडते. मात्र पदर भरला की श्वास कोंडतो, तशी गाळणी भरली की यंत्राचा श्वास कोंडतो.

पुढे काय होते ते क्रमाने पाहण्यासारखे आहे, कारण यंत्र लगेच बंद पडत नाही, आणि तिथेच फसगत होते. आधी हवा कमी पडते. आत जागोजाग उष्णतामापक बसवलेले असतात, त्यांच्या सांगण्यावरून पंखे आपोआप वेग वाढवतात. पंख्याचा वेग सव्वापट झाला की त्याला लागणारी वीज जवळजवळ दुप्पट होते, असा पंख्याचा नियम आहे. ग्राहकाला काही कळत नाही, मुंबईच्या नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर सारे हिरवेच असते. खोलीत बसलेल्या माणसाच्या कानाला तेवढा बदल जाणवतो: यंत्राचा सूर चढतो. मग पंख्यांचा वेग कमाल मर्यादेला पोचतो आणि तरीही आतला पारा चढतच राहतो. कार्डांवर लहान नळकांड्यांसारखे कपॅसिटर असतात. त्यांच्याविषयी जाणकारांचा ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. अखेर मर्यादा ओलांडली की यंत्र जीव वाचवण्यासाठी स्वतःच कार्ड बंद करते. त्या दिवशी पडदा लाल होतो, फोन खणखणतात, आणि ‘काल संध्याकाळपर्यंत उत्तम चालले होते’ असे सगळे सांगू लागतात.

असाच एक लाल दिवस आमच्या वाट्याला आला. केंद्र कोणत्या कंपनीचे आणि कोणत्या तालुक्यातले ते सांगत नाही, कारण तिथली माणसे आजही त्याच नोकरीत आहेत. एप्रिलअखेरचे दिवस, आंब्याची गडबड. व्यापारी मंडळींचे भाव, पैसे, ट्रकांचे निरोप, सारे मोबाइलवर. आणि आठवड्यात तीनदा दुपारी दोनच्या सुमारास अर्ध्या तालुक्याची सेवा बंद. पाळीवर कंत्राटदाराचा चोवीस-पंचवीस वर्षांचा पोर होता. ‘कामात हलगर्जी’ म्हणून त्याला मेमो मिळाला, चार दिवसांची मजुरी कापली आणि पुन्हा घडल्यास उद्यापासून येऊ नये असे तोंडी बजावले गेले. तो आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या हातात मेमोचा कागद होता आणि त्यावरचा ‘थर्मल’ हा शब्द त्याने आम्हांलाच विचारला.

आम्ही केंद्रावर गेलो. साहेबांनी यंत्राच्या नोंदी दाखवल्या, कार्ड सदोष असल्याची शंका बोलून दाखवली. नवे कार्ड मागवले आहे म्हणाले. नोंदवही मागितली तर तीही मिळाली. ‘गाळणी तपासली’ या रकान्यात बारा महिन्यांच्या खुणा एकाच शाईत, एकाच हाताच्या होत्या. मे महिन्याचीही होती, आणि एप्रिल अजून संपायचा होता! ती खूण कोणी केली हे आम्ही विचारले नाही. ज्याला रकाना भरायला सांगितले त्याने भरला. गाळणी कोठे असते हे त्याला कोणी दाखवलेच नव्हते.

खोली झाडणाऱ्या मावशी दाराशी उभ्या होत्या. त्या आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, ‘‘शिमग्यापासून ह्याचा आवाज चढलाय. मी सांगितलं होतं. पण मला कोण विचारतंय?’’ दीड महिना आधी त्यांच्या कानाने जे टिपले ते टिपायला यंत्राच्या मापकांना दीड महिना लागला. गाळणी ओढून काढली. फोम काळा होता असे पुस्तकात लिहिले होते; हातात आली ती जांभ्याच्या चिऱ्यासारखी तांबडी. बोट दाबले तर ठसा उमटला. नवी गाळणी त्या दिवशी नव्हतीच. जुनी बाहेर नेऊन धुतली, दुपारच्या वाऱ्यात सावलीला वाळवली आणि तोवर यंत्राला पंख्याच्या आधाराने कसेबसे सांभाळले. संध्याकाळी ती परत बसवल्यावर दहा मिनिटांत सूर उतरला. मावशींनी मान हलवली. कार्ड नंतर आले, आणि तसेच खोक्यात राहिले.

येथे आमच्या कोकणच्या हवेविषयी सांगितले पाहिजे. यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तकात महिन्याने गाळणी पाहावी, सहा महिन्यांनी बदलावी, असे साधारणतः लिहिलेले असते. ते पुस्तक लिहिणाऱ्याने रत्नागिरीचा मे महिना पाहिलेला नसतो. आमच्याकडे जमीन जांभ्याची. चिऱ्यांच्या खाणी, चिरे कापण्याची यंत्रे, त्यात गेली पंधरा वर्षे मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण. त्यामुळे दिवाळीपासून जूनपर्यंत तांबडी धूळ रस्त्याकाठच्या आंब्याच्या पानांवर दिसते तशीच केंद्राच्या जाळीवरही दिसते. माघात मोहोराचा बारीक भुगा. पहिल्या पावसाला पंख फुटलेल्या वाळव्या दिव्यावर झेपावतात, आणि पंख गळून सरळ हवेच्या ओढीत जातात. हे सारे निदान दिसते तरी.

न दिसणारे शत्रू दोन. एक मीठ. लाट फुटते तेव्हा उडणाऱ्या तुषारांतले पाणी वाटेत वाळते आणि मिठाचा कण वाऱ्यावर राहतो. मिऱ्या, मांडवी, भाट्ये येथल्या खिडक्यांचे गज त्यानेच खाल्ले जातात. पावसाळ्यात स्वयंपाकघरात मिठाची बरणी पाझरते हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. त्याचे शास्त्र असे की हवेची सापेक्ष आर्द्रता पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचाही क्षार असतो, आणि तो तर तेहतीस टक्क्यांपासूनच ओला होऊ लागतो. ज्या गावी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते सांगायला नको. कार्डावरच्या चिपांचे पाय एकमेकांपासून अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी अंतरावर असतात. मधल्या जागेत खारी धूळ बसली आणि ओली झाली की तो विजेला चोरवाट देणारा पूल होतो. तांबे हिरवे पडते, पाय झिजतो. म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात आत शिरलेली धूळ पावसाळ्यात दगा देते. मे महिन्यातली कसूर ऑगस्टच्या पाळीवाल्याच्या माथी बसते, हे मेमो लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

दुसरा शत्रू वायू. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला की कुजका वास येतो, आणि खाडीकाठच्या घरात चांदीचे निरांजन लवकर काळे पडते. दोहोंचे कारण गंधकाचा वायू. युरोपात १ जुलै २००६ पासून यंत्रांतल्या शिशावर बंदी आली, आणि तेव्हापासून जगभर कार्डांवर चांदीचा पातळ मुलामा अधिक वापरात आला. तो या वायूने खाल्ला जातो. फोमच्या गाळणीला वायू अडवता येत नाही, अगदी बारीक मिठाचा कणही तिच्यातून सुटतो. तिच्याकडून भलती अपेक्षा करू नये. त्याला उपाय बंद दार, नीट चालणारा एसी आणि कोरडी खोली. यंत्राला मानवणारी हवा अठरा ते सत्तावीस अंशांची, असे या विषयातील जाणकारांच्या संस्थेचे सांगणे आहे. पण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडाकडे कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी जनित्रावर बॅटऱ्या भागतात, एसी भागत नाही. मग दार उघडले जाते, जनित्राची काजळी आणि बाहेरचा दमटपणा एकत्र आत येतो, आणि एरवी दोन महिने टिकणारी गाळणी चार दिवसांत भरते. वादळानंतर खांब उभे करण्याच्या घाईत गाळणी कोणाला आठवते?

तेव्हा ती धुवावी कशी? हे काम येरागबाळ्याचे समजले जाते, म्हणून त्यात चुका फार. सर्वांत मोठी चूक गाळणी काढून टाकण्याची. ‘काढल्यावर यंत्र थंड चालते’ असे सांगणारे शहाणे आम्हांला भेटले आहेत. चालते खरे, महिनाभर. दुसरी चूक तिथेच भिंतीवर आपटण्याची, किंवा खोलीतच ब्लोअर मारण्याची. धूळ उडते आणि पाच मिनिटांत पुन्हा यंत्राच्याच नाकात जाते. केरसुणीचेही तेच, यंत्राच्या खोलीत झाडू नये, ओल्या फडक्याने, पण पिळून, पुसावे. तिसरी आणि पावसाळ्यात सर्रास होणारी चूक म्हणजे गाळणी ओली परत बसवण्याची. वरून कोरडी लागते, पोटात पाणी असते. ते पंख्याच्या ओढीने कार्डांवर जाते.

आमची रीत अशी. प्रत्येक यंत्राला गाळण्यांचे दोन जोड. धुतलेला, पूर्ण वाळलेला जोड हातात असल्याशिवाय बसवलेला काढायचाच नाही. कारण यंत्र गाळणीवाचून काही मिनिटांहून अधिक ठेवू नये. आधी मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधायचा, कारण अंगावरच्या वस्त्रांच्या घर्षणाने साठलेली वीज आपल्याला कळतही नाही, पण चिप मारते. शेजारच्या फायबरना कोपर लागू द्यायचे नाही. पंख्याच्या खोक्याला हात लावायचा नाही. तो वेगळ्या खणात असतो, आणि चुकून तोच ओढणारे आम्ही पाहिले आहेत. काढलेली गाळणी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाहेर न्यायची. साध्या पाण्यात, फार तर सौम्य साबणाने, न पिळता, धूळ ज्या बाजूने आत गेली तिच्या उलट बाजूने धार सोडून धुवायची. सावलीत वाळवायची, उन्हाने फोम कडक होतो. मे महिन्यात एक दुपार पुरते, जुलैत दोन दिवसही पुरत नाहीत. बोटाने दाबल्यावर फोम उमलून वर आला पाहिजे. चुरा पडू लागला तर टाकून द्यायचा, कारण मग गाळणीच धूळ होते. नवा फोमही कपाटात वर्षानुवर्षे ठेवला तर तसाच चुरतो, म्हणून एकदम ढीगभर घेऊन ठेवू नये. घडीच्या कागदाच्या गाळण्या असतात त्या मुळीच धुवायच्या नाहीत, बदलायच्याच. बसवताना चौकटीवरचा बाण पाहायचा. हवा ज्या दिशेने जाते त्या दिशेला तो असतो. शेवटी रिकाम्या खणांवर झाकणपट्ट्या आहेत ना ते पाहायचे. पट्टी नसली की हवा सोप्या वाटेने निसटते आणि कार्डे उपाशी राहतात. आमच्याकडे पट्ट्या हरवतात आणि त्यांच्या जागी लग्नपत्रिकांचे पुठ्ठे लागतात. नसण्यापेक्षा बरे, इतकेच.

घरच्या लहान राउटरला पंखा नाही, गाळणी नाही. तो आपल्या अंगच्या भोकांनीच श्वास घेतो. त्याला कपाटात कोंडू नये, सेट-टॉप बॉक्सच्या उरावर ठेवू नये, महिन्यातून एकदा बंद करून कोरड्या रंगाच्या ब्रशाने भोके झाडावीत. आणि त्याच्यावर हौसेने विणलेला दोऱ्याचा रुमाल घालू नये, हे भगिनींना हात जोडून सांगणे आहे.

आता हे काम करावे कोणी, हा आमचा खरा प्रश्न. इंजिनियर म्हणतो, धूळ हा सफाईचा विषय. सफाईवाला म्हणतो, यंत्राला हात लावायची मला मनाई आहे. दोघेही नियमाप्रमाणे बरोबर, आणि गाळणी दोघांच्या मधल्या फटीत. पूर्वी केंद्रावर कायमची माणसे असत, त्यांना यंत्राचा सूर घरच्या घड्याळासारखा ओळखीचा असे. एकट्या भारत संचार निगमातून २०१९ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत अठ्ठ्याहत्तर हजारांवर माणसे ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडली. खाजगी कंपन्यांत तर एक पोर मोटरसायकलवर दहा केंद्रे सांभाळतो. यंत्रे मात्र वाढत आहेत. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेने फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेले, आणि ग्रामपंचायतीतल्या पेटीवर चुन्याची भिंत झडते आहे. सातबारा, रेशन, पेन्शन, विजेचे बिल, सारे त्या तारेवर. ती बंद पडली की म्हातारी माणसे एसटीने तालुक्याला हेलपाटे घालतात. त्यांच्या एका दिवसाच्या मजुरीचा हिशेब कोणत्याही नोंदवहीत येत नाही.

त्या पोराचा मेमो मागे घेतला गेला, कापलेली मजुरी मिळायला मात्र पावसाळा उजाडला. पुढच्या वाटाघाटीत आम्ही वेतनाच्या मागण्यांबरोबर गाळणीची चार कलमे घातली. तेव्हा टेबलापलीकडचे लोकही त्या वडीलधाऱ्या गृहस्थांसारखेच हसले. गाळणी काढणे-घालणे हे काम समजावे आणि त्यासाठी दिवसपाळीत अर्धा तास धरावा. प्रत्येक केंद्रावर दुसरा जोड असावा. सफाई कामगाराने आवाजाची किंवा वासाची तक्रार केली तर ती नोंदवहीत त्याच्या नावाने लिहावी. आणि उष्णतेमुळे यंत्र बंद पडल्यास, गाळणी दोन्ही पक्षांनी पाहिल्याखेरीज कोणावर कारवाई करू नये. पहिली तीन मान्य झाली. चौथे अजून लोंबकळत आहे. पुढच्या बैठकीला आम्ही ते पुन्हा नेणार आहोत.

त्या केंद्रात आता रॅकच्या कडेला सुतळीने एक वही टांगली आहे. ‘तपासली’ असा रकाना तिच्यात नाही, कारण नुसती खूण कोणीही करतो. गाळणी धुतलेल्या पाण्याचा रंग लिहायचा, असे ठरले. नोव्हेंबरात ‘पिवळट’ आहे. मार्चात ‘तांबडा, दोन पाणी’. जुलैत ‘काळपट, चव खारट’ असे त्या पोराने लिहिले आहे. चव घ्यायला त्याला कोणी सांगितले नव्हते. गेल्या आठवड्याची नोंद मावशींनी सांगितलेली आणि त्याने उतरवलेली आहे: ‘आवाज थोडा चढला, पाणी विटकरी, मेआधी पुन्हा काढावी.’